डावी पुंगळी का उडत नाही?

दुनळी रायफल उघडली की उजवीकडची रिकामी पुंगळी टणकन मागे उडते आणि डावीकडची थोडी वर येऊन जागीच बसून राहते. इजेक्टर बिघडल्याची तक्रार बहुधा अशीच येते. ऐकणाऱ्यांतला एक तरी जाणता लगेच निदान सांगून मोकळा होतो: स्प्रिंग गेली. स्प्रिंग जातेही, नाही असं नाही. पण तिची पाळी बरीच उशिरा येते. आधी काडतूस तपासायचं, मग चेंबर, मग वाळून चिकटलेलं तेल. हे सगळं निर्दोष निघालं तरच स्प्रिंगकडे बोट दाखवायचं. कानस तर मालकाने हातात घ्यायचीच नाही. झिजलेला इजेक्टर दुरुस्त होतो. उत्साहाच्या भरात घासून ठेवलेला मात्र पुन्हा जुळवताना चांगल्या कारागिरालाही घाम फुटतो.

दुनळीची एक मोठी सोय अशी की बिघडलेल्या बाजूला लागूनच तीच रचना धडधाकट अवस्थेत असते. उजवीकडचा तुकडा किती वर येतो, दाबला तर किती जोर लागतो, सोडला तर कसा परततो हे पाहायचं आणि डावीकडे तसंच घडतं का ते ताडून बघायचं. हातघडणीच्या जुन्या रायफली एकाच कारखान्यातल्या असल्या तरी आतून तंतोतंत सारख्या नसतात. त्यामुळे दुसऱ्या रायफलीच्या आकृतीपेक्षा आपल्याच रायफलीची चांगली बाजू जास्त भरवशाची.

आत काय घडतं

साध्या दुनळीत एक्स्ट्रॅक्टर असतो. नळ्या खाली मोडल्या की काडतुसाच्या बुडाच्या कडेखालचा पोलादी तुकडा दोन्ही काडतुसं एकदमच थोडी उचलतो. पुढचं काम बोटांनी करायचं. इजेक्टर असलेल्या रायफलीत हाच तुकडा मधोमध उभा चिरून त्याचे दोन स्वतंत्र भाग केलेले असतात. नळ्यांच्या मागच्या तोंडाकडे पाहिलं की ही चीर दिसते, आणि आपली दुनळी कोणत्या जातीची हे ओळखण्याची सोपी खूणही तीच. ज्या नळीचा बार झाला तेवढीच पुंगळी फेकायची आणि न उडालेलं काडतूस जागेवर ठेवायचं, एवढं डोकं या यंत्रणेला असतं. समोर जखमी जनावर असताना दुसऱ्या नळीतलं भरलेलं काडतूसही गवतात जाऊन पडलं तर काय होईल, याचा विचार करूनच ती बनवली गेली.

जोसेफ नीडम यांनी १८७४ मध्ये अशा स्वयंचलित इजेक्टरचं पेटंट घेतलं. वेस्टली रिचर्ड्सच्या जॉन डीली यांची रचना १८८६ ची. तिच्यात पुढच्या लाकडी भागात, म्हणजे फोर-एंडमध्ये, बंदुकीच्या लॉकची एक छोटी आवृत्तीच बसवलेली असते; त्यात घोडा, त्याला अडवून धरणारा सियर, स्प्रिंग असं सगळं. त्यानंतर लंडनच्या थॉमस साउथगेट यांनी फारच कमी भागांत तेच काम साधलं. साउथगेटची रचना पुढे इतकी पसरली की जुन्या इंग्रजी दुनळीचं फोर-एंड काढलं तर तीच, किंवा तिचं एखादं भावंड, सापडण्याची शक्यता जास्त. खिशातला घडीचा चाकू आठवा. पातं अर्ध्यापर्यंत उघडलं की स्प्रिंग त्याला मिटवायला बघते, आणि तो मध्य ओलांडला की तीच स्प्रिंग ते फटकन उघडते. साउथगेटचा छोटा घोडा असाच मध्याच्या अलीकडे दबून बसलेला असतो. बार झाला की लॉकमधल्या घोड्याच्या हालचालीने एक दांडी बिजागरीपाशी पुढे सरकते. रायफल उघडताना फोर-एंडमधला छोटा घोडा या दांडीवर टेकतो, मध्य ओलांडतो आणि इजेक्टरच्या दांड्यावर सणसणीत आपटतो. बार झालाच नसेल तर दांडी पुढे आलेली नसते आणि घोडा जागचा हलत नाही. रायफल बंद करताना मागची भिंत इजेक्टरला आत ढकलते आणि त्या दाबानेच छोटा घोडा पुन्हा चढतो.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची, कारण अर्धं निदान तिच्यावर अवलंबून आहे. हा फटका पुंगळी *फेकण्यासाठी* असतो, अडकलेली पुंगळी *ओढून काढण्यासाठी* नव्हे. रायफल उघडायला लागल्यापासून फटका बसेपर्यंतच्या टप्प्यात इजेक्टर आपल्या हाताच्या जोराने सावकाश वर सरकतो आणि पुंगळीची चेंबरवरची पकड सोडवतो. ती तिथे सुटली नाही तर पुढचा फटका कितीही जोरदार असला तरी वाया जातो. म्हणजे पुंगळी उडाली नाही याचा अर्थ इजेक्टर दुबळा आहे असा होत नाही. ती घट्ट अडकली असेल.

तपासणी

काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलूपबंद. दोन्ही चेंबर उजेडात डोळ्यांनी पाहा, करंगळीने चाचपा आणि घरातल्या दुसऱ्या कोणालाही एकदा पाहायला लावा. जुनी रायफल कायम रिकामीच ठेवलेली असते, हा समज कितीही पक्का असला तरी.

मग बोअरला साजेशी दोन स्नॅप कॅप, म्हणजे स्प्रिंगची टोपी असलेली खोटी काडतुसं, घ्या. रिकाम्या चेंबरवर चाप ओढत बसू नका. जुन्या लॉकच्या फायरिंग पिन त्यामुळे मोडतात. रायफलीच्या मागे पलंगावर रजई पसरा, कारण स्नॅप कॅप फरशीवर आपटली तर तिची कड पिचते आणि पुढच्या सगळ्या चाचण्या खोट्या ठरतात.

आता चार प्रकारे उघडून पाहायचं. दोन्ही चाप ओढून. फक्त पुढचा ओढून, जो बहुतेक दुनळ्यांत उजव्या नळीचा असतो. फक्त मागचा ओढून. आणि एकही न ओढता. प्रत्येक वेळी रायफल सारख्याच, मध्यम गतीने उघडा. झटका देऊन उघडली तर बरेच दोष लपतात. काय घडलं ते कागदावर लिहून काढा, आणि हे एकेकदा करून थांबू नका. कधी उडते कधी नाही, असा लहरी दोष स्प्रिंगपेक्षा मळाचा असण्याची शक्यता फार.

दोन्ही ओढून उघडताना डोळे मिटून आवाजही ऐका. नीट जुळवलेल्या इजेक्टरचे दोन फटके जवळजवळ एकच ऐकू येतात. टक्-टक् असे सुटे ऐकू आले तर दोन बाजूंची वेळ जुळत नाही. थोडा फरक जुन्या रायफलीत चालून जातो. पण तक्रारीची बाजू नेहमी नंतरची निघाली तर तो पुरावा आहे.

स्नॅप कॅप उडते, खरी पुंगळी उडत नाही

हा प्रकार सगळ्यांत जास्त आढळतो आणि यात इजेक्टर पूर्ण निर्दोष असतो. स्नॅप कॅप चेंबरमध्ये सैल बसते, तिच्यात दाब निर्माण होत नाही, ती फुगत नाही. खरी पितळी पुंगळी बाराच्या क्षणी फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि दाब उतरला की किंचित आकसते. हे आकसणं पुरेसं झालं नाही तर ती अडकते.

मोठ्या बोअरच्या दुनळी रायफलींची काडतुसं मुळात यासाठीच बेताच्या दाबाची आखलेली होती. .४७० नायट्रो एक्सप्रेसची पुंगळी सव्वातीन इंच लांब आहे. एवढ्या लांब पुंगळीला एकदा चिकटण्याची संधी मिळाली की ती सोडवणं कठीण. त्यात हा दारूगोळा उष्ण देशांसाठी होता. तापलेल्या उन्हात काडतुसं राहिली की आतल्या कॉर्डाइट दारूचा दाब चढतो, आणि आफ्रिका-हिंदुस्थानच्या शिकाऱ्यांना तो अनुभव होता. आज आपल्याकडच्या जुन्या पेट्यांतून निघणाऱ्या काडतुसांचं पितळ ठिसूळ झालेलं असतं, तोंडापाशी तडकलेलं असतं, आतल्या दारूचा भरवसा नसतो. अशा काडतुसांवर इजेक्टरची परीक्षा घ्यायची नाही. त्यांची जागा अधिकृत विक्रेत्याकडे किंवा पोलिसांकडे, योग्य विल्हेवाटीसाठी.

उडवलेल्या पुंगळ्या जपून ठेवल्या असतील तर त्या फार बोलतात. अंगावर लांबीच्या रेषा ओरखडल्यात का? त्या चेंबरमधल्या गंजाच्या खड्ड्यांचा किंवा खरबरीतपणाचा ठसा असतात. पुंगळ्यांवर शाईने उजवी-डावी अशी खूण करा आणि त्या आपापल्या चेंबरमध्ये परत घालून पाहा. बोटाने ढकलल्यावर सहज बसायला हव्यात आणि नळी वर केली की आपसूक घसरायला हव्यात. उजवीची पुंगळी डावीत बसत नसेल तर घाबरू नका. दोन चेंबर हाताने वेगवेगळे कापलेले असतात आणि पुंगळी आपल्या चेंबरचा आकार घेते. पण डावीची पुंगळी डावीतच अडखळत असेल तर दोष चेंबरमध्ये आहे.

चेंबरमधल्या गंजाचं मूळ बहुतेकदा जुन्या काडतुसांच्या टोप्यांत सापडतं. त्यांतल्या पोटॅशियम क्लोरेटपासून उरणारा क्षार हवेतलं पाणी ओढून घेतो, आणि तो तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून जुने लोक रायफल उडवल्यावर नळीत उकळतं पाणी ओतत, मग कोरडी करून तेल लावत. ज्यांनी नुसतं तेल लावून ठेवलं त्यांच्या नळ्या तेलाखालीच गंजल्या. कोकणातल्या पावसाळ्यात तर विचारूच नका.

चेंबरच्या मापाचा ब्राँझ ब्रश, सॉल्व्हंट आणि कापडी चिंध्या यांनी चेंबर स्वच्छ करा. ब्रश नळीच्या ब्रशपेक्षा जाड हवा. चिंधीवर तांबूस डाग यायचे थांबले आणि बोटाला तरीही खडबड लागली, तर ती पॉलिश करणं कारागिराचं काम. पॉलिश पेपर काठीला गुंडाळून ड्रिलवर फिरवण्याची युक्ती कोणी सुचवली तर हात जोडून नको म्हणा. चेंबर मोठं झालं की पुंगळी जास्त फुगते आणि आणखी अडकते.

बारा बोअरच्या दुनळीचे मालकही हे वाचत असतीलच, कारण पीकरक्षणाच्या परवान्यावर बहुधा तीच असते. त्यांनी आधी चेंबरची लांबी तपासावी. जुन्या इंग्रजी बंदुका अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरच्या; आजची काडतुसं बहुतेक ७० मिलिमीटरची. न उडालेलं लांब काडतूस आखूड चेंबरमध्ये आरामात बसतं, म्हणून फसगत होते. उडाल्यावर त्याचं तोंड उघडून पुढच्या निमुळत्या भागात शिरतं, दाब वाढतो आणि पुंगळी अडकते. लोक इजेक्टरला शिव्या देतात आणि धोका भलतीकडेच वाढत असतो. नळ्यांच्या खालच्या बाजूचे प्रूफचे शिक्के पाहा किंवा विक्रेत्याकडून माप घ्या. कागदी काडतुसं तर पावसाळ्यात ओल धरून बार होण्याआधीच फुगतात.

स्नॅप कॅपही नुसतीच उचलली जाते

आता दोष यंत्रणेत आहे. तरी स्प्रिंगआधी तेल. आपल्याकडे बंदुकीला हाती लागेल ते तेल घालण्याची जुनी सवय आहे. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली गोठतं. देशावरच्या हिवाळ्यात पहाटे काढलेली बंदूक उन्हं चढल्यावर सुधारते, याचं रहस्य तेवढंच. गोडेतेल आणि जवसाचं तेल वाळून पिवळा चिकट थर धरतात. शिलाई मशीनचं पातळ तेल त्यातल्या त्यात बरं, पण तेही वर्षानुवर्षं भरत राहिलं की धूळ पकडून घट्ट होतं. छोट्या घोड्याचा फटका क्षणाचा असतो, आणि तेवढ्यात या थराने त्याचा निम्मा जोर खाल्ला की पुंगळी जागीच राहते.

फोर-एंड काढा. आतल्या लोखंडी भागातले स्क्रू मात्र काढू नका. इंग्रजी बंदुकीच्या स्क्रूंच्या खाचा केसाएवढ्या बारीक असतात, बाजारातला पेचकस त्या कुरतडून टाकतो, आणि कुरतडलेला स्क्रू जाणकार गिऱ्हाईकाला लांबूनच दिसतो. लाकूड वर आणि लोखंड खाली असं धरून टर्पेंटाइनमध्ये बुडवलेल्या बारीक ब्रशने घोड्यांभोवतीचा मळ धुऊन काढा, म्हणजे द्रव लाकडात न मुरता खाली गळेल. तेलाने आणि सॉल्व्हंटने भिजलेलं लाकूड काळं पडतं आणि मऊ होतं. पूर्ण सुकल्यावर प्रत्येक बिजागरीला काडीच्या टोकाने एकच थेंब पातळ तेल. नळ्यांच्या बाजूला इजेक्टरचे लांब दांडे ज्या खाचेत सरकतात तिथेही असंच करा.

इजेक्टरच्या खाली, त्याच्या बैठकीत, दारूचा एखादा न जळलेला कण किंवा पितळेचा कीस दडलेला असतो. तो काडीने काढा. इजेक्टर दाबल्यावर नळीच्या तोंडाशी अगदी सपाट बसला पाहिजे. नखाला पायरी लागली तर तो वर राहतोय, आणि मग रायफल बंद करायलाही जोर लागेल. आता बोटाने दोन्ही इजेक्टर एकामागून एक वर-खाली सरकवून पाहा. डावा कुठे अडखळतो, की उजव्याइतकाच मोकळा आहे? दांडा वाकलेला असेल तर तो एका ठरावीक जागी अडतो. मळ असेल तर सगळीकडे जड लागतो. मोकळेपणा तोच असूनही फटका कमी असेल तरच पुढे जायचं.

फोर-एंड बसतच नाही

धांदलीचा हा प्रसंग जवळपास प्रत्येक मालकावर एकदा येतो आणि त्यात बिघाड असा काहीच नसतो. फोर-एंड सुटं असताना कुणाच्या तरी हाताने छोटे घोडे सुटलेले असतात आणि आता ते इजेक्टरच्या दांड्यांना आडवे येतात. जोराने ठोकलं तर काहीतरी मोडणारच. कठीण लाकडाचा एक तुकडा घ्या आणि त्याच्या काठावर एकेक घोडा दाबत मागे नेऊन चढवा. जागेवर बसल्याचं स्पष्ट जाणवतं. बोटाने किंवा पेचकसाने करू नका. स्प्रिंग चांगली असेल तर नख फुटेल.

हे टाळायचं असेल तर बार झाल्यावर रायफल एकदा पूर्ण उघडायची, बंद करायची, आणि मगच फोर-एंड काढून सुटी करायची. म्हणजे लॉक आणि इजेक्टर दोन्ही चढलेले राहतात. सुट्या अवस्थेत चाप ओढून पाहण्याचा मोह आवरा. नाहीतर बऱ्याच बॉक्सलॉक दुनळ्यांत नळ्याच परत बसत नाहीत.

न उडालेलं काडतूस बाहेर फेकलं जातं

पुंगळी न उडण्याचा दोष गैरसोयीचा आहे. हा दोष गंभीर असू शकतो. एका नळीचा बार केला आणि उघडल्यावर दुसरीतलं भरलेलं काडतूसही उडालं, तर ते उचलून आधी त्याची टोपी बघा. टोपीवर पुसटशीही खूण असेल तर इजेक्टर निर्दोष आहे. पहिल्या बाराच्या धक्क्याने दुसरा लॉक आपोआप सुटला, तो एक तर पूर्ण जोराने आपटला नाही किंवा सुरक्षा सियरने त्याला मधेच अडवलं. अडवलेला घोडा टोपीपर्यंत पोचत नाही, त्यामुळे टोपी कोरी दिसली तरी लॉकवरचा संशय लगेच सोडायचा नाही. इजेक्टरला लॉक सुटलेला दिसला आणि त्याने आपलं काम केलं. अशी रायफल पुढच्या वेळी दोन्ही बार एकदम करू शकते. ती बंद करा, काडतुसं बाजूला ठेवा आणि कारागिराकडे न्या.

चाप न ओढता केलेल्या चौथ्या चाचणीतही स्नॅप कॅप उडत असेल तर शोध वेगळ्या दिशेने. एक तर दांडी मळाने किंवा गंजाने पुढेच अडकून राहिली आहे, किंवा त्या बाजूचा लॉक पुरता चढत नाही, किंवा डीलीच्या जातीच्या रचनेत छोट्या सियरचं टोक झिजलं आहे. रायफल उघडून बंद करा, फोर-एंड काढा आणि बिजागरीपाशी दोन्ही बाजूंची दांड्यांची टोकं पाहा. एक आत आणि दुसरं बाहेर असेल तर गुन्हेगार सापडला. त्या टोकावर सॉल्व्हंटचा थेंब सोडून रात्रभर ठेवण्यापलीकडे घरी काही करू नका.

वेळ चुकते, कड निसटते

सावकाश उघडली तर उडत नाही, झटक्याने उघडली तर उडते: इथे घोडा मध्य ओलांडायला उशीर करतो, कारण दांडी किंवा घोड्याची टाच झिजली आहे. झटका देत राहणं हा उपाय नव्हे, त्याने बिजागरीची पिन झिजते. याउलट फटका लवकर बसला तर पुंगळी मागच्या भिंतीवर आपटते आणि परत येते. भिंतीच्या वरच्या काठावर पितळेचे चट्टे दिसतात. सव्वातीन इंची पुंगळीला बाहेर पडायला रायफल जवळजवळ पूर्ण उघडलेली लागते, म्हणून हा दोष आखूड काडतुसापेक्षा तिच्यात आधी दिसतो.

वेळ चुकण्यामागे कधी इजेक्टर नसून रायफलीचा सैलपणा असतो. फोर-एंड काढून नळ्या बंद अवस्थेत हलवून पाहा. फोर-एंड लावलेलं असताना त्याच्या दाबाने हा खेळ लपतो. नळ्या डुलत असतील तर आधी बिजागरी घट्ट करून घ्यावी लागेल, इजेक्टर नंतर. क्रम उलटा केला तर दोनदा पैसे.

इजेक्टर कडेवरून निसटून पुंगळी त्याच्या मागे चेंबरमध्ये पडली, तर ती काढताना तारांबळ उडते. कारण बहुधा इजेक्टरच्या झिजलेल्या ओठात किंवा त्याच्या बाजूच्या खेळात असतं. कधी काडतुसाची कडच पातळ असते. दुनळी रायफलींसाठी कडवाली काडतुसं वेगळी बनवली गेली ती यामुळेच. .३७५ मॅग्नमचं कडवालं रूप खास दुनळीसाठी निघालं. कड नसलेल्या काडतुसाच्या दुनळीत इजेक्टरमध्ये स्प्रिंगचा छोटा खिळा असतो आणि तो खाचेत अडकतो. तो खिळा तेलाच्या थराने बसला की पुंगळी हमखास सुटते. तिथे सफाई पुरते.

कारागिराकडे नेताना

स्प्रिंग खरोखरच गेली असेल तर ती इंग्रजी व्ही आकाराची असते आणि वाकणापाशी मोडते. बऱ्याचदा गंजाच्या एका बारीक खड्ड्यापासून. तिच्या जागी दुसऱ्या बंदुकीची स्प्रिंग घासून बसवलेली चालत नाही, कारण दोन बाजूंचा जोर सारखा हवा. घडवून, पाणी देऊन, दुसरीशी जुळवून बसवणारा माणूस शोधा. त्याला वेळ लागेल आणि तो पैसे मागेल. द्या.

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायाला वेगळा परवाना लागतो. गावातला लेथवाला कितीही हुशार असला तरी रायफल त्याच्याकडे द्यायची नाही. परवानाधारकाकडे देताना आपला परवाना सोबत ठेवा, क्रमांकासह पावती घ्या, आणि चार चाचण्यांचा तो कागद व खूण केलेल्या पुंगळ्या त्याच्यासमोर ठेवा. "इजेक्टर चालत नाही" एवढ्यावर तो सगळं उघडेल. "डावा, फक्त सावकाश उघडल्यावर, स्नॅप कॅपसकट" असं सांगितलं तर नेमकं तिथेच जाईल.

दुरुस्ती करायचीच का, हाही प्रश्न आहे. आफ्रिकेतले काही जुने शिकारी इजेक्टर नसलेलीच दुनळी मागवत, कारण दाट झुडपात फटक्याचा आवाज जनावराला माणूस कुठे आहे ते सांगतो. आपल्याकडच्या घरांतल्या .४७० आणि .४६५ बोअरच्या रायफलींमागे वेगळाच इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने .४५० बोअरवर हिंदुस्थानात बंदी घातली, बंडखोरांच्या मार्टिनी-हेन्री बंदुकांना त्या गोळ्या चालतील या भीतीने, आणि इंग्लिश कारखानदारांनी ही नवी मापं काढली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर या रायफली शिकारीच्या कामाच्या उरल्या नाहीत. नुसत्या वारशाच्या रायफलीत मोडलेली स्प्रिंग बदलली नाही तरी इजेक्टर साध्या एक्स्ट्रॅक्टरचं काम करत राहतो. चुकीच्या हाताने दुरुस्त करण्यापेक्षा हे केव्हाही बरं. मोडलेले तुकडे तेवढे कागदात गुंडाळून रायफलीच्या पेटीत ठेवा.

निवडणुकीच्या आचारसंहितेत रायफल पोलीस ठाण्यात जमा करावी लागली, तर आदल्या दिवशी चेंबर आणि इजेक्टरच्या बैठकीत पातळ तेलाचा हात फिरवा. वूलनच्या किंवा रेक्झिनच्या बंद कव्हरमध्ये ती देऊ नका, ओल तिथेच धरते. परत मिळाल्यावर घरी आणून, काडतुसं बाजूला ठेवून, आधी फोर-एंड काढून बघा. त्या लोखंडी खाचांत तांबूस पावडर दिसली तर टर्पेंटाइनचा ब्रश त्याच संध्याकाळी फिरवा.